तारीख मिळाली, गाडीचे काय?

महाराष्ट्रात १०८ हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१४ च्या जानेवारीत ही सेवा सुरू झाली तेव्हा ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक सामग्री होती, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. साप चावला, ट्रॅक्टर उलटला, कळा सुरू झाल्या, तर उशिरा का होईना पण गाडी येते आणि फुकट येते. या सेवेवर टीकेला जागा पुष्कळ आहे. पण ती नव्हती तेव्हाचे दिवस ज्यांना आठवतात, ते तिच्या मोलाबद्दल वाद घालणार नाहीत. प्रश्न आहे तो ज्याला आज, या क्षणी काहीच झालेले नाही अशा रुग्णाचा. त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘मंगळवारी या, रिपोर्ट घेऊन या’ असे लिहिले आहे. त्याला साखरेची गोळी बदलून घ्यायची आहे, मोतीबिंदूची तपासणी करायची आहे, केमोचे चौथे सलाइन घ्यायचे आहे. तो १०८ ला फोन करू शकत नाही, करूही नये. त्याच्यासाठी दुसरा कुठला नंबरही नाही. आपली सगळी रुग्णवाहतूक आणीबाणीभोवती उभी आहे आणि आजचे बहुतेक आजार मात्र तारखांवर चालतात. शासनाने उपचार मोफत केले, ही मोठी गोष्ट झाली. पण उपचाराच्या दारापर्यंतचा रस्ता त्या उपचारातच धरला पाहिजे, आणि जे रुग्णालय तारीख देते त्यानेच रुग्ण कसा येणार याचीही काळजी वाहिली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

यासाठी एखाद्या दुर्गम पाड्याचे उदाहरण घेणे सोपे होते. मुद्दाम पिंगळी घेतो. परभणी तालुक्यातले हे गाव जिल्ह्याच्या शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर परभणी आणि पूर्णा यांच्या मध्ये त्याचे स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परभणीत जिल्हा रुग्णालय आहेच, शिवाय परभणीकरांच्या लांबलचक आंदोलनानंतर २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नकाशा बघणारा अधिकारी म्हणेल, इथे अडचण ती कसली? आणि नेमके म्हणूनच पिंगळी महत्त्वाची. जिंतूरच्या डोंगराळ भागातल्या किंवा पालमच्या टोकाच्या वाडीची अडचण कुणालाही पटते. पण रुळाला लागून असलेल्या, शहराच्या कुशीतल्या गावातही जर तारीख पाळणे जड जात असेल, तर अडचण किलोमीटरची नाही हे उघड आहे. पॅसेंजर गाडी तिच्या वेळेने येते, ओपीडी तिच्या वेळेने उघडते, आणि या दोन वेळा जुळवण्याचे काम कुणाकडेच सोपवलेले नाही. केसपेपरची खिडकी सकाळी, रक्त द्यायचे सकाळीच आणि उपाशीपोटी, रिपोर्ट दुपारनंतर, तो दाखवायला डॉक्टर पुन्हा कधी बसतात ते त्या दिवसावर. त्यात आधी गावाबाहेरच्या आखाड्यावरून किंवा शेतातल्या वस्तीवरून फाट्यापर्यंत यायचे, आणि जुलै-ऑगस्टात काळ्या मातीची पांदण म्हणजे काय असते हे मराठवाड्यात सांगायला नको. दहा किलोमीटरच्या कामाला अख्खा दिवस जातो. एकट्याचा नव्हे, सोबतच्या माणसाचाही.

डायलिसिस घेणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून बघू, कारण त्यात काहीच लपत नाही. वैद्यकीय शिरस्त्याप्रमाणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबांसाठी ही सोय जिल्हा रुग्णालयांत मोफत झाली. वर्षाला १५६ फेऱ्या होतात. जाऊन-येऊन ३१२ प्रवास, आणि सोबतीला एक माणूस धरला तर ६२४ जागा. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला तिकीट नाही. पण यंत्रावरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब बऱ्याचदा खाली आलेला असतो, पायात गोळे येतात, हाताच्या सुईच्या जागेवर पट्टी असते आणि तिथे धक्का लागून चालत नाही. अशा माणसाने स्टँडवर तासभर थांबून भरल्या गाडीत दांडा धरून उभे राहायचे, ही सवलत कागदावरच बरी. म्हणून तो टमटम बघतो, काळी-पिवळी बघतो. माणशी तीस रुपये धरले तरी वर्षाचे १८,७२० रुपये होतात. मजुरीचे वेगळेच. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सोबत जाणाऱ्या एका माणसाचे १५६ दिवस त्या किमान दराने धरले तर ४८,६७२ रुपये बुडाले. म्हणजे ज्या उपचाराला शासन मोफत म्हणते, त्याच्यापायी घरातून वर्षाला सदुसष्ट हजार जातात, आणि यात चहा-बिस्किट, औषधाची चिठ्ठी काही धरलेले नाही. मग तिसरी पाळी चुकवून दोनवर भागवले जाते. पाणी शरीरात साठते, धाप लागते, आणि मग मध्यरात्री १०८ ला फोन जातो. तेव्हा मात्र गाडी येते.

आपल्याकडे प्रवासाची मदत अजिबात नाही असे कुणी म्हणू नये. ती आहे, आणि बरीच आहे, पण तिची जातकुळी बघण्यासारखी आहे. रेल्वे कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत देते, त्याच्या सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के. क्षय, कुष्ठरोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही रेल्वेची सवलत आहे. एसटी सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत नेते. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. रुग्ण म्हणून नव्हे तर म्हातारा किंवा बाई म्हणून मिळालेल्या या दोन सवलतींनी आरोग्यासाठी कदाचित सगळ्या रुग्णसवलतींपेक्षा जास्त केले असेल, कारण त्यांना डॉक्टरचा सही-शिक्का लागत नाही. पण ही सगळी मदत तिकिटाला आहे, गाडीला नाही. जी एसटी ताफा आटल्यामुळे गावात यायचीच थांबली, तिच्यातल्या शंभर टक्के सवलतीचे करायचे काय?

विमा योजनांचे तर आणखी गमतीचे. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दर वेळच्या भरतीमागे १०० रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये प्रवासखर्च होता. रक्कम चिमूटभर होती, तरी प्रवास हा आजारपणाचाच खर्च आहे एवढे त्या योजनेने मान्य केले होते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. विम्याची मर्यादा ३०,००० वरून पाच लाखांवर गेली आणि प्रवासाचे ते १०० रुपये गळाले. आपल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात एक वेळचा प्रवासखर्च आहे: एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, तेही फक्त रुग्णालयातून घरी जाण्याचे. घरून रुग्णालयात रुग्ण कसा आला, हे योजनेने विचारायचे नाही असे ठरवलेले दिसते. फेरतपासणीला तो पुन्हा येणार, तेव्हाचेही नाही. एकाच योजनेने हे नीट विचारात घेतले, ती २०११ ची जननी शिशु सुरक्षा. घर ते रुग्णालय, एका रुग्णालयातून दुसऱ्यात, आणि बाळंतपणानंतर परत घर, असा तिन्ही टप्प्यांचा प्रवास तिने हक्क म्हणून लिहून दिला. बाळंतपणाच्या बाबतीत जे तत्त्व आपण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मान्य केले, ते मूत्रपिंडाच्या आणि कर्करोगाच्या बाबतीत का अमान्य, याचे उत्तर मला कुठल्याही कागदात सापडत नाही.

अंतराने माणूस उपचाराला मुकतो ही काही नवी शंका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णालयांच्या नोंदी चाळून दाखवले की जवळच्या गावांतले लोक भरती होतात आणि लांबच्या गावांतले, आजार तोच असूनही, होत नाहीत. १९९४ मध्ये सरीन थडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंविषयीच्या आपल्या निबंधात तीन उशिरांची मांडणी केली: घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. त्यांचा पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता. दुसऱ्या उशिराची भीती पहिल्या उशिराला जन्म देते. गाडी मिळणार नाही हे ठाऊक असलेले घर निघायचे ठरवतच नाही, आणि मग बाहेरून बघणाऱ्याला वाटते की या लोकांना आरोग्याची जाणीव नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी श्रीमंत देशांतले १०८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक अभ्यासांत रुग्णालयापासून लांब राहणाऱ्यांची प्रकृती जवळच्यांपेक्षा वाईट आढळली. दारात मोटार आणि पायाखाली डांबर असलेल्या देशांतली ही स्थिती. आपल्याकडचे अनुमान ज्याचे त्याने करावे.

नांदेडची आठवण इथे काढावीच लागेल. सप्टेंबर २०२३ संपताना आणि ऑक्टोबर उजाडताना विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत नवजात बाळेही होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकामी पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण यांवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण प्रशासनाच्या बाजूने आलेला एक खुलासा मात्र तसाच निसटून गेला: आजूबाजूच्या जिल्ह्यांतून रुग्ण फार उशिरा, अत्यवस्थ झाल्यावर आणले जातात. हा खुलासा अर्धा खरा मानला तरी तो आरोग्य खात्याचीच दुसरी चूक कबूल करतो. रुग्ण उशिरा का येतो, हे बघण्याचे काम कुणाचे? ज्या बाळाला धाप लागली त्याची आई सहाव्या-सातव्या महिन्यात सोनोग्राफीला येऊ शकली होती का? ज्याचा मेंदूचा झटका प्राणघातक ठरला तो रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी शेवटचा कधी आला होता? या प्रश्नांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मृत्यूची होते. चुकलेल्या तारखेची होत नाही.

आता यावर एक आक्षेप असा की गाव आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. कुणी ना कुणी मोटारसायकल काढतेच. खरे आहे, काढते. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर पिंगळीतच काय, कुठल्याही गावात दहा माणसे धावतात. पण ही मदत एकदाच्या प्रसंगाची असते. चाळिसाव्या डायलिसिसला दहा माणसे धावत नाहीत, आणि धावावीत अशी अपेक्षाही चूक. सोयाबीन काढणीला आलेले असताना शेजाऱ्याला आठवड्यातून तीन वेळा गाडी काढ म्हणणे, हे मागणाऱ्यालाच जड जाते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो विचारणे सोडतो. विशेषतः म्हाताऱ्या बायका. मुलगा पुण्याला, सून शेतात, नातू शाळेत. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून तारीख टाळणारी म्हातारी अडाणी नसते. आपल्या एका तारखेने किती जणांचा दिवस मोडतो, याचा हिशेब तिने कुठल्याही नियोजन अधिकाऱ्यापेक्षा बारकाईने केलेला असतो. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर विचारायलाही कुणी उरत नाही; दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या सगळ्या तारखा अधांतरी असतात.

याहून तोलामोलाचा आक्षेप अमेरिकेतून येतो, आणि माझ्या बाजूला तो गैरसोयीचा आहे म्हणूनच सांगतो. तिथल्या गरिबांच्या मेडिकेड योजनेत रुग्णाला तारखेला नेण्या-आणण्याची सोय करणे राज्यांवर बंधनकारक आहे. फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिम भागात संशोधकांनी मेडिकेडच्या ७८६ रुग्णांवर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दवाखान्यात यायला मोबाइलवरून बोलावता येणारी टॅक्सी फुकट देऊ केली, काहींना नाही. तारीख चुकवण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३६.५ टक्के निघाले, दुसऱ्यात ३६.७. म्हणजे फरक शून्य. गाडी दिली की माणूस येतोच, हा भाबडेपणा या आकड्यांनी खोडून काढला आणि बरे झाले. पण तो प्रयोग कुठे झाला हे विसरून चालणार नाही. शहरातला भाग, दवाखाना जवळ, सार्वजनिक बससेवा हाताशी; तिथे न येण्याची कारणे बहुधा गाडीच्या पलीकडची होती: कामावरून सुटी, पोरांना सांभाळणारे कुणी नसणे, विसरणे, दवाखान्याचा आलेला वीट. जिथे दिवसाकाठी मोजक्याच गाड्या मिळतात तिथे हाच निष्कर्ष लावता येत नाही. तरी त्या प्रयोगातून एक धडा आपणही घ्यावा. नुसती टॅक्सी पाठवून भागत नाही. तारीख, वेळ, आठवण आणि गाडी ही चारही कामे एकाच हाताने झाली तरच रुग्ण येतो. दवाखान्याचा कारभार आहे तसाच ठेवून त्याच्या दारात गाड्या आणून ओतल्या, तर सकाळी आठला आलेला माणूस दुपारी तीनपर्यंत बाकावरच बसेल आणि पुढच्या वेळी गाडी दारात उभी असूनही येणार नाही.

काही डॉक्टर म्हणतील, रुग्णांना शहरात वाहून नेण्यापेक्षा सेवाच गावात न्या. आता ई-संजीवनी आहे, पडद्यावर तज्ज्ञ भेटतो. याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. रक्तदाबाची गोळी पिंगळीतच मिळावी, तिच्यासाठी कुणाला परभणी दिसू नये. दूरचा सल्ला जिथे पुरतो तिथे तो प्रवासाहून केव्हाही चांगला, आणि निम्म्या फेरतपासण्या तरी अशा असतील असे मला वाटते. पण डायलिसिसचे यंत्र पडद्यातून बाहेर येत नाही. सोनोग्राफी, क्ष-किरण, शस्त्रक्रियेनंतरचे टाके, डोळ्यांची बाहुली मोठी करून करायची तपासणी, यांना शरीर तिथे न्यावेच लागते. रेडिएशन तर आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालते. त्यासाठी पिंगळीचा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. तिथे रोजच्या प्रवासाला अर्थ नाही, तिथे स्वस्त निवाऱ्याची गरज आहे. कर्करुग्णाला रेल्वे फुकट आणि राहायला मात्र रुग्णालयाचा व्हरांडा, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. शिवाय ‘सेवा गावात येईल’ हे आश्वासन पूर्ण होईपर्यंत मधल्या वर्षांतल्या रुग्णांनी काय करावे? यंत्रसामग्री मंजूर होते, तंत्रज्ञाचे पद रिकामे राहते, यंत्रावरची प्लॅस्टिकची खोळ तशीच राहते. हा क्रम महाराष्ट्राला परका नाही.

राहिला पैशाचा आणि गैरवापराचा आक्षेप. फुकट गाडी म्हटली की लोक बाजाराला जातील, असे म्हणणारे प्रत्येक बैठकीत एक तरी असतात. जावोत की! एखादी बाई रक्त देऊन झाल्यावर शनिवार बाजारातून भाजी घेऊन आली, तर तिजोरीचे काय बुडाले? पण आक्षेपाला सरळ उत्तरही आहे, आणि ते परभणीच्या रस्त्यांवर रोज धावते. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस २०११-१२ पासून सुरू झाल्या. शाळेची वेळ आधी धरली आणि बसची वेळ तिच्यावरून ठरवली. मुली लांब आहेत म्हणून गावोगाव महाविद्यालय काढा असे कुणी म्हटले नाही, आणि फुकट बस दिली तर मुली फिरायला जातील, असे म्हणणाऱ्यांचे कुणी ऐकले नाही. त्याच कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या गरोदर बायांना बुडीत मजुरीपोटी ४,००० रुपये देण्याची तरतूद झाली. तपासणीला येणे म्हणजे रोजगार बुडणे, हे सरकारी कागदावर मान्य झालेले हे दुर्मीळ उदाहरण. म्हणजे तत्त्वही आहे आणि वाहनही आहे. दोन्ही आजाऱ्याच्या तारखेला जोडलेली नाहीत, इतकेच.

जोडायची कशी? नवी महायोजना नको. तिचे उद्घाटन होईल आणि डिझेलचे बिल अडकेल. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या तारखांच्या वहीपासून व्हावी. आज तारीख विभागाच्या सोयीने पडते: हाडांचा विभाग या वारी, डोळ्यांचा त्या वारी. तिला गावाची जोड द्यावी. पिंगळी आणि तिच्या आरोग्य केंद्राखालच्या गावांतले जे रुग्ण फेरतपासणीचे आहेत, ज्यांना आज-उद्याने फरक पडत नाही, त्यांच्या तारखा शक्यतो एकाच वारी पडल्या, तर आठ-दहा जणांची एक गाडी भरते. आठ माणसे आठ वारी आठ वाहनांनी गेली तर जेवढा खर्च होतो, त्याच्या पाव खर्चात हे होईल. गाडी शासनाची असायला हवी असेही नाही. गावातल्या टमटमवाल्याशी, जीपवाल्याशी ठरलेल्या दराने करार करावा. फेरी झाल्याची खूण म्हणून त्या दिवशी केसपेपरवर बसलेला रुग्णालयाचा शिक्का पुरे, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत. सहा महिने थकले तर तो दुसऱ्याच महिन्यात नांगी टाकेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला यासाठी थोडा स्वतंत्र निधी जिल्हा नियोजनातून देता येईल. डायलिसिसवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या, माणसे ठरलेली, त्यामुळे त्यांच्या गाडीचे वेळापत्रक वर्षभराचे आजच करता येते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत आणीबाणीव्यतिरिक्तची रुग्णवाहतूक अशाच रुग्णांवर मोठ्या प्रमाणात चालते, ते यामुळेच.

हे सगळे पुन्हा आशाताईंच्या गळ्यात पडेल, ही भीती रास्त आहे. राज्यातल्या आशा २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मानधनासाठी संपावर होत्या, आणि त्यांच्या वह्यांची संख्या कमी झाल्याचे ऐकिवात नाही. आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या सातला गाडी आहे’ एवढे सांगणे हे काम त्यांचे मानले, तर त्याचे पैसे वेगळे लागतील, आणि ते गाडीभाड्याच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीतच धरावेत. एसटीकडून मागायचे ते फार थोडे आहे: सकाळची एक फेरी जिल्हा रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आणि दुपारी उशिराची एक तिथूनच परत. रेल्वेकडून तर वेळापत्रक बदलून मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. पण गाडी पिंगळीला कधी थांबते हे बघून ओपीडीची वेळ लवचीक करायला रेल्वे मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

पहिले काम त्याहूनही स्वस्त आहे आणि ते परभणीच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला लगेच करता येईल. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार २०२२ पासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन पदवी होईपर्यंत त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांचे रकाने त्या वहीत असतातच. आणखी तीन रकाने पाडावेत: या घरातल्या कुणाला गेल्या वर्षात कुठल्या तारखा मिळाल्या, त्यांतल्या किती चुकल्या, आणि चुकल्या त्या दिवशी नेमके काय आडवे आले. एका वर्षात परभणी तालुक्याचा असा आकडा हाती येईल जो आज ना आरोग्य खात्याकडे आहे ना परिवहन महामंडळाकडे. तो घेऊन जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत गाडीभाड्याची तरतूद मागता येईल, आणि पालकमंत्र्यांना ती नाकारायची असेल तर आकड्यासमोर बसून नाकारावी लागेल.